पतंगामुळं फेमस झालेल्या फ्रँकलिननं विजेपासून घर वाचवायचा उपाय थेट कॅलेंडरमध्ये छापला होता

मे महिन्यातली दुपार. शहापूर नाहीतर मुरबाड तालुक्यातला एखादा पाडा. सकाळपासून घामानं जीव नकोसा झालेला असतो. चारच्या सुमाराला सह्याद्रीच्या बाजूनं आभाळ काळं व्हायला लागतं, अचानक गार वारा सुटतो आणि बघता बघता वाळत घातलेली चादर, गोठ्यावरचा पेंढा, एखादा सैल झालेला पत्रा, सगळं एकाच दिशेला पळायला लागतं. मग लख्ख उजेड आणि पाठोपाठ कडकडाट.

वळीव आला.

अशा वेळी जुनी माणसं एक गोष्ट हमखास सांगायची. घरात कुणी पायाळू असेल तर त्याला बाहेर सोडू नका, वीज पायाळू माणसावर पडते. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले तो माणूस.

आता विषय असा आहे की, कोण कसं जन्मलं याच्याशी विजेला काही घेणंदेणं नसतं. तिला फक्त जमिनीपर्यंत जायचा रस्ता हवा असतो. तो रस्ता कधी आंब्याच्या झाडातून जातो, कधी घराच्या आढ्यातून, तर कधी उघड्या शेतात भात कापणाऱ्या माणसातून.

ही गोष्ट ज्यानं जगाला पटवून दिली, आणि नुसती पटवून न देता घर कसं वाचवायचं हे एकही पैसा रॉयल्टी न घेता छापून टाकलं, तो माणूस कुठल्या विद्यापीठातला प्रोफेसर नव्हता. जेमतेम दोन वर्षं शाळेत गेलेला छापखानेवाला होता.

नाव बेंजामिन फ्रँकलिन.

शंभर डॉलरच्या नोटेवर ज्याचा फोटो असतो तो. शाळेच्या पुस्तकात पावसात पतंग उडवताना दिसतो तो. पण पतंग हा या माणसाच्या आयुष्यातला एका दुपारचा उद्योग होता. संकट यायच्या आधी घर तयार ठेवायचं, हे काम मात्र त्यानं जन्मभर केलं.

साबणवाल्याचा पोरगा

१७ जानेवारी १७०६ ला बॉस्टनमध्ये फ्रँकलिनचा जन्म झाला. अमेरिका नावाचा देश तेव्हा नव्हता, तिथं इंग्रजांच्या वसाहती होत्या. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. त्यांना दोन लग्नांतून सतरा मुलं झाली, त्यातला हा पंधरावा.

एवढ्या मोठ्या घरात शिक्षणाला पैसा कुठून येणार? दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. बाराव्या वर्षी सख्ख्या भावाच्या छापखान्यात त्याला उमेदवारीवर ठेवलं. भाऊ जेम्स कडक होता, मारायचा पण. सतराव्या वर्षी पोरगं पळालं आणि फिलाडेल्फियाला पोचलं. खिशात फार काही नव्हतं. उतरल्यावर त्यानं पाव विकत घेतले आणि ते काखेत धरून गावातून चालत निघाला, असं त्यानंच पुढं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

पण धंद्यात तो पक्का निघाला. मधे दोनेक वर्षं लंडनला राहून आला, १७२८ मध्ये भागीदारीत स्वतःचा छापखाना टाकला आणि दुसऱ्याच वर्षी एक पेपर विकत घेतला, पेनसिल्व्हेनिया गॅझेट. १७३० मध्ये डेबोरा रीडबरोबर संसार मांडला.

आणि १७३२ च्या शेवटी त्यानं ती गोष्ट बाजारात आणली जी आपल्या स्टोरीत सगळ्यात महत्त्वाची आहे.

घराघरातलं पंचांग

आपल्याकडं भिंतीवरच्या खिळ्याला कालनिर्णय असतं. पुढच्या बाजूला तिथी, सण, भरती-ओहोटी आणि मागं रेसिपी, लेख, आरोग्याच्या टिपा. फ्रँकलिनचं पुअर रिचर्ड्स अल्मनॅक हे साधारण तसंच प्रकरण होतं. रिचर्ड साँडर्स या टोपणनावानं तो ते काढायचा. सूर्योदय-सूर्यास्त, हवामानाचे अंदाज, म्हणी, विनोद आणि शहाणपणाचे चार शब्द.

ते तुफान चाललं. वर्षाला दहा हजारांच्या आसपास प्रती खपायच्या. ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही, त्या घरातही हे असायचं. एखादी गोष्ट सामान्य माणसापर्यंत पोचवायची असेल तर जाड ग्रंथ लिहून उपयोग नाही, ती पंचांगात टाकावी लागते, हे फ्रँकलिनला बरोबर कळलं होतं.

त्या काळात फिलाडेल्फियाला आगीची मोठी भीती असायची. फ्रँकलिननं आधी पेपरात लिहिलं. पेटते निखारे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उघड्या फावड्यावर नेऊ नका, चुलीची धुराडी वेळच्या वेळी साफ करा, अशा अगदी घरगुती गोष्टी. मग १७३६ मध्ये त्यानं शेजारपाजारच्या लोकांना घेऊन आग विझवणाऱ्यांची एक मंडळी उभी केली. प्रत्येक सभासदानं चामड्याच्या बादल्या आणि सामान बाहेर काढायला पिशव्या आपल्या घरात कायम तयार ठेवायच्या, असा नियम होता. आग लागल्यावर बादली शोधत बसायचं नाही.

पुढं १७५२ मध्ये आगीचा विमा देणारी संस्था काढण्यातही तो पुढं होता.

ग्रहण चुकलं आणि वादळाचा पत्ता लागला

१७४३ चा ऑक्टोबर महिना. फिलाडेल्फियात चंद्रग्रहण दिसणार होतं. फ्रँकलिन तयारीत होता, पण संध्याकाळी ईशान्येकडून वादळी वारे सुटले, ढग भरून आले आणि ग्रहण काही दिसलं नाही.

वारा ईशान्येकडून येतोय म्हणजे वादळ ईशान्येच्या बॉस्टनला आधी झोडपून आलं असणार, असा त्याचा हिशोब होता. पण बॉस्टनच्या भावाचं पत्र आलं तर तिथं ग्रहण मस्त दिसलं होतं. वादळ तिथं नंतर पोचलं होतं.

फ्रँकलिननं मग वेगवेगळ्या गावांतल्या वेळा जुळवून बघितल्या. त्याच्या लक्षात आलं की जमिनीवर वारा एका दिशेनं वाहतो आणि अख्खं वादळ भलत्याच दिशेला सरकत असतं. म्हणजे वादळ ही चालणारी गोष्ट आहे. एका गावाला झोडपलं की पुढच्या गावाला आधी कळवता येईल.

आज आपल्या मोबाईलवर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा येतो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. फ्रँकलिनकडं तेव्हा फक्त टपाल होतं आणि ते वादळापेक्षा हळू चालायचं.

टर्कीच्या नादात स्वतःच झटका खाल्ला

१७४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी फ्रँकलिननं छापखाना भागीदाराच्या हवाली केला. पैसा भरपूर झाला होता. आता त्याला एकच नाद लागला होता, इलेक्ट्रिसिटी.

तेव्हा वीज म्हणजे जत्रेतला खेळ होता. काचेची नळी घासायची, ठिणग्या काढायच्या, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. लंडनच्या पीटर कॉलिन्सन नावाच्या मित्रानं अशीच एक काचेची नळी फिलाडेल्फियाला पाठवली आणि फ्रँकलिन तिच्यात अडकला तो अडकलाच. आज आपण बॅटरी, चार्ज, प्लस-मायनस असे जे शब्द वापरतो ते विजेच्या दुनियेत रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

१७५० च्या नाताळात त्यानं विजेच्या झटक्यानं टर्की मारायचा घाट घातला. गप्पांच्या नादात हात चुकीच्या जागी लागला आणि झटका स्वतःलाच बसला. बेशुद्धच पडला. शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःच्या वेंधळेपणाची लाज वाटली आणि त्यानं ते भावाला कळवूनही टाकलं.

पण याच प्रयोगांतून त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, प्रयोगातली ठिणगी आणि आभाळातली वीज यांच्यात उजेड, आवाज, वाकडीतिकडी वाट असं बरंच सारखं आहे. दोन, धातूचं टोकदार टोक विजेला लांबूनच ओढतं.

मग आभाळातली वीज पण अशीच ओढून घेऊन गुपचूप जमिनीत सोडता येईल का?

त्यानं ही आयडिया लिहून लंडनला पाठवली. १७५१ मध्ये तिकडं त्याचं पुस्तक निघालं, फ्रेंच भाषांतर झालं, आणि १० मे १७५२ ला पॅरिसजवळच्या मार्ली गावात दालिबार नावाच्या माणसानं उभ्या केलेल्या सुमारे चाळीस फूट उंच लोखंडी सळईतून ढगातल्या विजेच्या ठिणग्या काढल्या गेल्या.

ही बातमी फिलाडेल्फियाला पोचायच्या आधीच, जून १७५२ मध्ये, फ्रँकलिननं तो पतंग उडवला असं मानलं जातं. सोबत फक्त विशीतला मुलगा विल्यम होता. रेशमी रुमालाचा पतंग, वर टोकदार तार, खाली तागाची दोरी, दोरीला किल्ली आणि हातात धरायला कोरडी रेशमी फीत.

इथं एक गैरसमज दूर करू. त्या पतंगावर वीज पडली नव्हती. पडली असती तर फ्रँकलिनची स्टोरी तिथंच संपली असती. ढगातला चार्ज ओल्या दोरीतून किल्लीपर्यंत आला आणि बोट जवळ नेल्यावर ठिणगी उडाली, एवढंच झालं. तो स्वतः आडोशाला उभा होता, फीत भिजू नये म्हणून.

हे किती जीवघेणं होतं ते पुढच्याच वर्षी कळलं. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमन नावाचा शास्त्रज्ञ असाच सळईचा प्रयोग करत होता. वीज थेट आत आली आणि तो जागच्या जागी गेला. त्यामुळं हा प्रयोग रीलसाठी काय, कशासाठीच करायचा नाही.

खरा धमाका १७५३ च्या पंचांगात होता

पतंगानंतर फ्रँकलिननं आपल्या घरावर सळई बसवली. तिची तार जिन्यातून खाली आणली आणि मधे दोन छोट्या घंटा लावल्या. ढगात चार्ज असला की घंटा आपोआप वाजायच्या. पुढं तो लंडनला असताना बायको डेबोरा एकटी घरी असायची आणि या घंटा वाजायला लागल्या की तिच्या पोटात गोळा यायचा. शेवटी घंटा बंद कशा करायच्या ते त्यानं पत्रातून कळवलं.

आणि मग आलं १७५३ सालचं पुअर रिचर्ड. त्यात विजेपासून घर कसं वाचवायचं याची साधी कृती छापली होती.

एक बारीक लोखंडी सळई घ्यायची. खालचं टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट खोल गाडायचं. वरचं टोक घराच्या सगळ्यात उंच भागाच्या वर सहा-आठ फूट न्यायचं आणि त्याला विणायच्या सुईएवढी जाड, टोकदार पितळी तार फूटभर जोडायची. घर लांबलचक असेल तर दोन्ही टोकांना सळया लावायच्या आणि आढ्यावरून तार टाकून त्या जोडायच्या. बस्स.

गावातला साधा लोहार करू शकेल असा उपाय होता. फ्रँकलिननं त्याचं पेटंट घेतलं नाही. आपण दुसऱ्यांच्या शोधांचा फायदा घेतो, मग आपला शोध दुसऱ्यांना मोकळेपणानं द्यावा, असं त्याचं मत होतं.

त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोपली मेडल दिलं. इकडं आपल्याकडं तेव्हा नानासाहेब पेशव्यांचा कारभार चालू होता.

पण लोकांना सळई पटली का? नाही.

युरोपात वीज चमकायला लागली की चर्चची घंटा वाजवायची जुनी पद्धत होती. आवाजानं वीज पळते असं लोक मानायचे. म्हणजे गावातल्या सगळ्यात उंच मनोऱ्याखाली, ओली दोरी हातात धरून एक माणूस उभा. १७८४ मध्ये निघालेल्या एका जर्मन पुस्तकात तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजवणारे मेले अशी नोंद आहे.

१७५५ मध्ये बॉस्टनला भूकंप झाला तेव्हा एका धर्मगुरूनं खापर सळयांवर फोडलं. आभाळातली वीज जमिनीत सोडल्यामुळंच धरणी हादरली म्हणे. १७६९ मध्ये इटलीतल्या ब्रेशियात बंदुकीची दारू साठवलेल्या जागी वीज पडली, अख्खा भाग उडाला, शेकडो माणसं मेली.

फ्रान्समध्ये तर कोर्टकेस झाली. सेंट ओमेर गावात एका माणसानं घरावर सळई बसवली. शेजारी घाबरले, तक्रार केली आणि १७८० मध्ये नगरपालिकेनं सळई काढायचा हुकूम दिला. मालकाच्या बाजूनं एक तरुण वकील उभा राहिला आणि १७८३ मध्ये त्यानं केस जिंकून दिली. वकिलाचं नाव रोबेस्पिएर. हो, फ्रेंच राज्यक्रांतीत ज्याच्या नावानं लोक थरथर कापायचे तोच.

पण लोकांना खरं पटलं ते डोळ्यांनी बघून. १७६० मध्ये फिलाडेल्फियातल्या वेस्ट नावाच्या व्यापाऱ्याच्या घरावर वीज पडली. सळईचं टोक वितळलं आणि घराला काहीच झालं नाही.

घोड्यावरून वावटळीचा पाठलाग

१७५५ मध्ये फ्रँकलिन मेरीलँडमध्ये मित्रांबरोबर घोड्यावरून चालला होता. समोर दरीत एक छोटी वावटळ उठली आणि धूळ घेऊन टेकडी चढत त्यांच्याकडं यायला लागली. खाली पिंपाएवढी, वर चाळीस-पन्नास फूट उंच आणि रुंद होत गेलेली. बाकीचे थांबून बघत बसले. हा गडी तिच्या शेजारून घोडा हाकत निघाला. चाबूक मारून ती मोडते का तेही बघितलं, नाही मोडली. ती रानात घुसली, पाचोळा गरागरा फिरायला लागला आणि वाळक्या फांद्या उडायला लागल्यावर मात्र त्यानं घोडा आवरला.

फांद्या उडायला लागल्या की थांबायचं, एवढं भान त्याला होतं.

ही वावटळ म्हणजे टोर्नॅडो नव्हे. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, टोर्नॅडो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो. आणि टोर्नॅडो म्हणजे चक्रीवादळ पण नव्हे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि कित्येक दिवस टिकतं, जसं ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग. टोर्नॅडो काहीशे मीटरचा आणि बहुतेक वेळा मिनिटांचा खेळ. आपल्या भागात तो अगदी क्वचित. आपल्याकडं घात करतात ते वळवाच्या ढगातून खाली आदळणारे सुसाट वारे. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला, तो अशाच वादळी वाऱ्यात.

शेवटी सळई त्याच्याच घराच्या कामी आली

पुढचा फ्रँकलिन सगळ्यांना माहिती आहे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. फ्रान्सला जाऊन त्यानं अमेरिकेसाठी मदत मिळवली, १७८३ चा तह केला, १७८७ च्या राज्यघटनेवरही सही केली. त्याच्या आयुष्याला काळी बाजू पण होती. त्याच्या घरात अनेक वर्षं गुलाम राबत होते. म्हातारपणी मात्र तो गुलामगिरी संपवू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला.

फ्रान्सहून १७८५ मध्ये तो परत आला. दोनेक वर्षांनी घराचं काम काढलं तेव्हा छतावरची सळई बघितली गेली. तिचं तांब्याचं टोक जवळपास सगळं वितळून गेलं होतं. तो परदेशात असताना कधीतरी घरावर वीज पडली होती आणि घर जसंच्या तसं उभं होतं. शोध लावणाऱ्याच्याही शोध कामी आला, याची त्याला मोठी गंमत वाटली.

१७ एप्रिल १७९० ला, ८४ व्या वर्षी फ्रँकलिन गेला. अंत्ययात्रेला वीसेक हजार लोक लोटले होते.

मग शहापूर-मुरबाडचं काय?

शाळेत आपण तडितरक्षक शिकलो तो हाच. फ्रँकलिनला वाटायचं की टोकदार सळई ढगालाच रिकामं करेल. तसं होत नाही. सळई पडणाऱ्या विजेला घराबाहेरून जमिनीत जायचा सोपा रस्ता देते. त्यामुळं एका शाळेवरच्या सळईनं अख्खं गाव वाचत नाही, ती इमारत आणि तिच्या लगतची थोडी जागाच वाचते.

भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात. त्यात शेतात, रानात, उघड्यावर काम करणारे जास्त. शहापूर आणि मुरबाडची रचनाच अशी आहे की पश्चिमेकडून समुद्राचा दमटपणा येतो, पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी. तापलेली दमट हवा डोंगराला धडकून वर चढते आणि दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. त्या ढगात बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आपटून चार्ज तयार होतो. हे मे-जूनमध्ये होतं आणि पुन्हा पाऊस परत जाताना ऑक्टोबरमध्ये. नेमकी तेव्हाच भातकापणी असते आणि माणसं उघड्या खाचरात वाकलेली असतात.

फ्रँकलिनची अडचण होती की सळई होती पण इशारा नव्हता. पाड्यावर आज उलटं आहे. इशारा मोबाईलवर येतो, पण कुडाच्या भिंतींच्या घरावर सळई नसते. मग जे हातात आहे ते आधीच करून ठेवायचं.

मे लागायच्या आधी छतावर एकदा चढून बघा. पत्र्यांचे हुक आणि बोल्ट आवळा, गंजलेले बदला. नुसते दगड ठेवून पत्रा थांबत नाही, उलट वाऱ्यात दगडच खाली येतो. सरकलेली कौलं बसवून घ्या. घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या काढा, पण तारांजवळच्या फांद्यांना हात लावू नका, ते वीज कंपनीचं काम. रेशनकार्ड, आधार, सातबारा, बँकेचं पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. बॅटरी आणि मोबाईल चार्ज.

पुण्याच्या आयआयटीएमनं बनवलेलं दामिनी ॲप फोनमध्ये टाका. आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्या शेजाऱ्याला हाक मारायचं काम आपलं.

आभाळ गडगडलं की मोजा. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत किती सेकंद गेले? त्याला तीननं भागलं की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच गुरं आणायला धावणं हीच मोठी चूक ठरते.

आत म्हणजे पक्कं घर, शाळा, समाजमंदिर किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी. मांडव, बसथांबा, शेतातली खोपट ही आत मोजायची नाहीत. जवळ कुडाचंच घर असेल तर भिंत, मेढी आणि दार यांपासून लांब, घराच्या मधोमध थांबा. ओट्यावर बसून वीज बघू नका. टीव्ही-फ्रिजचे प्लग गडगडाट सुरू व्हायच्या आधीच काढा. नळ, लोखंडी पाइप, बोअरची मोटर यांना हात नाही, अंघोळ नाही. मोबाईल वीज ओढत नाही, फक्त तो चार्जिंगला लावून बोलू नका.

शेतात सापडलात तर झाडाखाली जाऊ नका. झाडावरची वीज बाजूच्या माणसावर उडी मारते आणि जमिनीतूनही पसरते. दोन पायांमधलं अंतर जितकं जास्त तितका झटका मोठा, म्हणून झाडाखालची गुरं एकदम मरतात. गुरं झाडाला बांधून ठेवू नका. जवळ काहीच आसरा नसेल तर पाय जुळवून, डोकं खाली करून उकिडवे बसा, आडवे झोपू नका. गटानं असाल तर पांगा. यानं पूर्ण बचाव होत नाही, हा अगदी शेवटचा उपाय आहे.

आणि कुणाला वीज लागलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात करंट शिल्लक नसतो. श्वास किंवा नाडी बंद असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. वीज लागलेली बरीच माणसं अशी वाचतात. आपल्याकडं अजूनही कुठं कुठं माणसाला शेणात किंवा मातीत पुरतात, त्यात हातातली मिनिटं जातात.

ग्रामपंचायतीकडं एक मागणी मात्र जरूर करा. पाड्याजवळच्या शाळेवर, अंगणवाडीवर वीजरोधक सळई आणि नीट अर्थिंग. ते जाणकाराकडूनच करून घ्यायचं, कारण अर्धवट बसवलेली सळई वीज थेट घरात आणते. आणि बसवून झाल्यावर दर वर्षी तपासायचं.

वळीव दर वर्षी येणारच आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये एप्रिलच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा, पत्र्याचे बोल्ट. आणि ऑक्टोबरच्या पानावर लिहा, गडगडलं की कापणी थांबवायची.